खाडा नव्हे, वर्षावास!

आषाढ पौर्णिमेपासून आम्ही कड्यात, आमच्या घरी आहोत. आश्विन पौर्णिमेपर्यंत इथेच राहणार आहोत. पूर्णवेळ कार्यकर्ता म्हणून घराबाहेर पडल्याला नऊ वर्षे झाली. या नऊ वर्षांत सलग तीन महिने घरी राहण्याची ही पहिलीच वेळ. ही बातमी कळल्यावर फोन सुरू झाले. समाजशास्त्रात एम. ए. केल्यामुळे वर्गवारी करण्याची सवय आहे, म्हणून या फोनचेही तीन गट पाडून ठेवले. पहिला गट काळजीचा : "तब्येत बरी आहे ना?" दुसरा संशयाचा : "कोणत्या पक्षात चाललात?" तिसरा गट थेट निकाल देणारा : "गेला कामातून. संसारात पडला."

चौथ्या गटाची वाट आम्ही अजून पाहतो आहोत. "तुम्ही तीन महिने घरी आहात, तर तुमच्याकडच्या केसेस आता कोण बघणार? त्यातली एखादी आम्ही घेऊ का?" असे विचारणारा एकही फोन आलेला नाही. आमच्या मते चळवळीचा खरा आजार इथे आहे, आणि हा लेख त्याविषयी आहे. आम्ही घरी का आलो याचा खुलासा देण्याची आम्हाला गरज वाटत नाही. आपण आंबेडकरी लोक विश्रांतीला गद्दारी का समजतो, हा प्रश्न आहे.

पूर्णवेळ म्हणजे काय, हे नव्या मुलांना नीट माहीत नसते. त्यांना मंच दिसतो, निळा गमछा दिसतो, फेसबुकवरचा फोटो दिसतो. प्रत्यक्षात पूर्णवेळ म्हणजे एसटी. सकाळी बीड, दुपारी गेवराई, रात्री कुठल्यातरी वस्तीतल्या विहारात सतरंजी. पूर्णवेळ म्हणजे पोलीस ठाण्याच्या बाकावर पाच-पाच तास बसणे; कारण ठाणे अंमलदार "साधी एनसी घेतो" म्हणतो आणि फिर्यादीला ॲट्रॉसिटीचे कलम लावून हवे असते. पूर्णवेळ म्हणजे उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याकडे तपास गेला का, साठ दिवसांत दोषारोपपत्र दाखल झाले का, अर्थसहाय्याचा पहिला हप्ता मिळाला का, यासाठी समाजकल्याणच्या कार्यालयात मारलेल्या चकरा. जेवण कधी समाजबांधवांच्या घरची भाकरी-पिठलं, कधी स्टँडवरचा वडापाव, कधी नुसता चहा. मानधन येते तेव्हा येते. रक्तदाबाची गोळी पस्तिशीच्या आतच सुरू होते, आणि ती पिशवीत आहे हे कोणाला सांगायचे नसते, कारण आजारी कार्यकर्ता कोणाला नको असतो.

आता आमच्या गावाविषयी. कडा हे आष्टी तालुक्यातले नगर-बीड रस्त्यावरचे बाजाराचे गाव. कांद्याचा बाजार, दूध, ऊस आणि रस्ता. २३ सप्टेंबर २०२२ ला नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली, तेव्हापासून कड्यालाही स्टेशन आहे. पण या भागाची खरी ओळख म्हणजे दसरा-दिवाळीनंतर रिकामी होणारी घरे. बीड जिल्ह्यातून लाखो माणसे दरवर्षी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. आमचे आई-वडीलही गेले. मुकादमाकडून उचल घ्यायची, बायका-पोरांसह ट्रकमध्ये बसायचे, फडाशेजारी कोपी घालायची आणि पहाटे तीनला उठून मोळ्या बांधायच्या. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. दोन माणसांची मजुरी एकाच अवजाराच्या नावावर लावायची, अशी ही पद्धत. पट्टा पडला की माणसे गावाकडे परततात आणि पावसाळाभर गावात असतात. म्हणजे या दिवसांत आमच्या वस्तीत रस्त्यावरून परत आलेले आम्ही एकटे नाही. अर्धी वस्ती परत आलेली आहे.

ऊसतोडीच्या भाषेत एक शब्द आहे : खाडा. ज्या दिवशी कामावर गेला नाहीत तो खाडा. ताप आला, पोर आजारी पडले, अंगावरून जास्त गेले, काहीही असो. खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. कारखान्याची मोळी थांबत नाही, म्हणून माणसाने थांबायचे नाही. या खाड्याने बीड जिल्ह्यातल्या बायकांचे काय केले, हे २०१९ मध्ये साऱ्या देशाला कळले. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ महिलांची गर्भाशये काढलेली आढळली. काही खासगी डॉक्टरांनी कॅन्सरची भीती घातली हे खरे. पण ती भीती इतकी सहज का लागू पडली? पाळी म्हणजे खाडा, खाडा म्हणजे दंड, आणि दंड म्हणजे न फिटणारी उचल, हा हिशेब प्रत्येक बाईच्या डोक्यात होता. विश्रांतीचा हक्क नाकारला की तो शरीरातून वसूल होतो. एवढा मोठा पुरावा आपल्याच जिल्ह्यात असताना आपल्याला दुसऱ्या पुराव्याची गरज काय?

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात फोन वाजला की आम्ही चप्पल घालायचो. आई हे बघत होती. एका रात्री ती म्हणाली, "आमच्या मुकादमाला खाडा चालत नव्हता. तुह्या चळवळीलाबी चालत न्हाई का रं?" आईने बाबासाहेबांचे कोणतेही पुस्तक वाचलेले नाही. पण प्रश्न तिने बरोबर जागी विचारला. मुकादमाला आपण शोषक म्हणतो. मग तोच नियम चळवळ लावते तेव्हा त्याला त्याग का म्हणायचे?

आता इतिहासाकडे येऊ, कारण आपल्यातले पुष्कळ जण असे समजतात की सुट्टी, रजा, आराम या मध्यमवर्गीय गोष्टी आहेत. मित्रांनो, सुट्टी ही आपल्याच चळवळीने मिळवलेली गोष्ट आहे.

रविवारची सुट्टी कोणी मिळवली? जोतीराव फुले यांचे सहकारी, 'दीनबंधू' चालवणारे सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, हजारो सह्यांचे निवेदन दिले आणि त्यात आठवड्याला एक दिवस सुट्टीची मागणी पहिल्या क्रमांकाच्या मागण्यांत ठेवली. १० जून १८९० रोजी ती मान्य झाली. गिरणीचा भोंगा पहाटेपासून वाजत असताना एका सत्यशोधकाने कामगाराला आठवड्यातला एक दिवस परत मिळवून दिला. तो दिवस झोपेसाठी होता, कुटुंबासाठी होता आणि समाजकार्यासाठीही होता. म्हणजे सुट्टी असल्याशिवाय समाजकार्य नाही, हे लोखंडेंना तेव्हाच कळले होते.

पगारी रजा कोणी आणली? व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. कारखान्यातल्या कामगारांना वर्षातून पगारी रजा देणारी कारखाना कायद्यातली दुरुस्ती १९४५ मध्ये झाली, आणि आठवड्याचे तास ४८ वर आणणारी दुरुस्ती १९४६ मध्ये. ही विधेयके बाबासाहेबांच्या खात्याची होती. त्याआधी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा देऊन ते बोलले होते. आज आमच्या वस्तीतला शिक्षक, कंडक्टर, बँकेतला शिपाई रजा टाकून लेकीच्या लग्नाला जातो तेव्हा त्या रजेच्या अर्जामागे बाबासाहेब उभे असतात. आणि जो बाबासाहेबांचे नाव घेऊन रोज राबतो त्या कार्यकर्त्यालाच रजा नाही!

तिसरे उदाहरण तर पुण्याचे आहे. १९६० च्या दशकात तिथल्या संरक्षण खात्याच्या स्फोटक संशोधन प्रयोगशाळेत बुद्ध जयंती आणि आंबेडकर जयंतीच्या सुट्ट्या रद्द करण्यात आल्या. राजस्थानातून आलेले, सफाई कामगार समाजातले कर्मचारी दीनाभाना यांनी त्याला विरोध केला आणि ते निलंबित झाले. त्यांच्या पाठीशी उभा राहिलेला एक तरुण अधिकारी पुढे देशाच्या राजकारणाची दिशा बदलणारा मान्यवर कांशीराम झाला. म्हणजे ६ डिसेंबर १९७८ चे बामसेफ, १९८१ चे डीएस-फोर आणि १४ एप्रिल १९८४ चा बहुजन समाज पक्ष या साखळीची पहिली कडी कोणती? दोन सुट्ट्या! ज्या चळवळीची सुरुवात सुट्टीच्या हक्कावरून झाली, तिने सुट्टीला लाजावे यापेक्षा मोठा विरोधाभास कोणता?

यावर लगेच उत्तर येते, आणि ते आम्हाला फोनवरही ऐकवले गेले : "साहेबांनी कुठे सुट्टी घेतली? कांशीरामजींनी घरच सोडले. लग्न केले नाही. वडील गेले तेव्हाही घरी गेले नाहीत." हे खरे आहे. त्यांनी घरच्यांना पत्र लिहून नाते संपवल्याचे सर्वांना माहीत आहे. त्या त्यागापुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण त्या उदाहरणातून कोणता नियम काढायचा याचा विचार केला पाहिजे. एक तर ती एका माणसाने स्वतःहून घेतलेली शपथ होती; संघटनेने कार्यकर्त्यावर लादलेली अट नव्हती. दुसरे म्हणजे त्याच कांशीरामजींनी बामसेफ कोणाच्या जिवावर उभी केली? नोकरी करणाऱ्या, घर असणाऱ्या, महिन्याला पगार घेणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या. त्यांनी त्यांना नोकरी सोडायला सांगितले नाही. बुद्धी, पैसा आणि वेळ समाजाला परत करा, एवढेच सांगितले. म्हणजे एक घर सोडणारा आणि हजारो घरात राहून देणारे, अशी ती रचना होती. आपण त्यातला घर सोडणारा तेवढा उचलला आणि देणाऱ्या हजारोंना विसरलो. तिसरे, १९८३ ची सायकल यात्रा, रोजचा प्रवास, कार्यकर्त्यांच्या घरी मिळेल ते खाणे, या सगळ्याचे मोल त्यांच्या शरीराने चुकवले. २००३ च्या पक्षाघातानंतर ते उठले नाहीत आणि ९ ऑक्टोबर २००६ ला गेले. ती जवळजवळ तीन वर्षे चळवळीला किती महाग पडली, हे उत्तर प्रदेशच्या कोणत्याही जुन्या कार्यकर्त्याला विचारा.

आणि बाबासाहेब? धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ला, महापरिनिर्वाण ६ डिसेंबरला. मध्ये दोन महिनेही नाहीत. वय अवघे पासष्ट. मधुमेह, पायांचे दुखणे, दृष्टी कमी झालेली, आणि टेबलावर 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे हस्तलिखित. आणखी दहा वर्षे मिळाली असती तर रिपब्लिकन पक्ष त्यांच्या हाताखाली उभा राहिला असता, धम्मप्रचारकांची फळी तयार झाली असती. बाबासाहेबांनी विश्रांती घेतली नाही याचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. पण त्यांना विश्रांती घेता येईल एवढी माणसे समाजाने त्यांच्याभोवती उभी केली नाहीत, हे मात्र आपण बोलत नाही.

बाबासाहेबांना सहकाऱ्यांच्या विश्रांतीचे महत्त्व कळत होते, याचा पुरावा आपल्या मराठवाड्यातच आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' काढून वाचा. १९३४ मध्ये चळवळीतल्या सहकाऱ्यांनी सहलीला जायची इच्छा दाखवली, बाबासाहेब तयार झाले, आणि वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच असे ठरले. तीसेक माणसे निघाली. मोर्चा नव्हता, परिषद नव्हती, निव्वळ सहल होती. दौलताबादच्या किल्ल्यापाशी प्रवासाने धुळकटलेली तोंडे त्यांनी दारातल्या हौदावर धुतली, आणि हौद बाटवला म्हणून जमाव धावून आला. शेवटी किल्ला पाहायची परवानगी मिळाली ती सोबत हत्यारबंद शिपाई देऊन, पाण्याला हात लागू नये म्हणून. ही घटना आपण अस्पृश्यतेचा पुरावा म्हणून सांगतो, आणि ते बरोबरच आहे. पण तिची सुरुवातही लक्षात ठेवली पाहिजे. थकलेल्या कार्यकर्त्यांना बाबासाहेब सहलीला घेऊन निघाले होते. जातिव्यवस्थेला दलिताचे काम चालते. त्याचा निवांतपणा तिला खुपतो. चार घटका हौदावर बसलेला दलित तिला सहन होत नाही. म्हणून आपल्या माणसाने निवांत बसणे हीसुद्धा समतेची मागणी आहे.

घराच्या हाकेचा प्रश्न बाबासाहेबांनी धम्मग्रंथातही टाळला नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या दुसऱ्या खंडात एक संपूर्ण भाग याच विषयावर आहे. शुद्धोदनाची भेट, यशोधरा आणि राहुल यांची भेट, त्यांना पुन्हा गृहस्थ करण्याचा प्रयत्न आणि तथागतांचा ठाम नकार. भगवंत घरी गेले; घरचे झाले नाहीत, पण घराकडे पाठही फिरवली नाही. वडिलांना, पत्नीला, मुलाला भेटले. भेटणे आणि अडकणे यात फरक आहे, आणि आपले टीकाकार तो फरकच पुसून टाकतात.

वर्षावासाचा नियमही असाच विचारपूर्वक केलेला आहे. पावसाळ्यात भिक्खू फिरत राहिले तर उगवलेली रोपे तुडवली जातात, बारीक जीव मरतात, अशी लोकांनी तक्रार केली, तेव्हा भगवंतांनी तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घालून दिला, असे विनयात आहे. जगाच्या इतिहासात चारिकेला, म्हणजे लोकांत फिरण्याला, एवढे महत्त्व देणारा दुसरा संघ नसेल. तरीही त्या संघाने वर्षातला चौथा हिस्सा थांबण्यासाठी राखून ठेवला. या काळात भिक्खू झोपून राहत नसत. अध्ययन, ध्यान, नव्यांना शिकवणे, उपासकांना धम्म सांगणे चालू असे. आईवडील किंवा सोबती आजारी पडले, निकडीचे काम निघाले, तर सात दिवसांपर्यंत बाहेर जाण्याची मुभा होती. आणि शेवटी पवारणा : माझे काही चुकताना पाहिले, ऐकले किंवा शंका आली असेल तर सांगा, असे प्रत्येकाने संघाला विनवायचे. थांबणे, शिकणे, अपवादाची सोय आणि शेवटी एकमेकांचा हिशेब. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा नियम आजच्या कोणत्याही संघटनेच्या घटनेपेक्षा शहाणा आहे. आपण मात्र विहारात तीन महिने ग्रंथवाचन करतो, खीर वाटतो आणि वर्षावासाचा अर्थ कार्यकर्त्याला लागू करत नाही.

आता घराविषयी. चळवळीच्या लिखाणात घर म्हणजे एकतर अडथळा, नाहीतर फोटोफ्रेम. प्रत्यक्षात घर हे चळवळीचे आर्थिक खाते आहे. आमची पत्नी आशा स्वयंसेविका आहे. बाळंतपणे, लसीकरण, सर्वेक्षण, आणि त्यातून उरलेल्या वेळेत शिलाई. लग्नाच्या आधीच दोघांनी बसून ठरवले होते : दहा वर्षे आम्ही बाहेर, ती घर सांभाळेल, त्यानंतर तिचे शिक्षण. दहावे वर्ष आता सुरू आहे. तिने मुक्त विद्यापीठाच्या बी. ए.च्या शेवटच्या वर्षाचा फॉर्म भरला. एक दिवस पुस्तकातून डोके वर काढून म्हणाली, "तुम्ही लोकांना सांगता ना, शिका. मग आता तेवढं भात लावा." आम्ही भात लावला. मुलगी पहिलीत आहे. तिने शाळेत मैत्रिणींना सांगितले की आमचे पप्पा आता रोज येतात. 'राहतात' म्हणाली नाही, 'येतात' म्हणाली.

हा केवळ आमच्या घरचा विषय असता तर इथे लिहिला नसता. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ मध्ये आले. बाबासाहेबांच्या चळवळीतल्या स्त्रिया शोधून, त्यांच्या घरी जाऊन त्यांचे म्हणणे त्यात नोंदवले आहे. ज्या चळवळीने स्त्रियांना मंचावर आणले, तिच्याच इतिहासात त्या हरवल्या होत्या म्हणून ते पुस्तक लिहावे लागले. मंचावर बोलणाऱ्या बायका जिथे हरवतात, तिथे मागे राहून भाकरी थापणाऱ्या, उसनवारी करणाऱ्या, दाराशी आलेल्या पोलिसाला उत्तर देणाऱ्या बायकांची नोंद कोण ठेवणार? रमाई हयात असताना बाबासाहेब अमेरिकेत होते, लंडनमध्ये होते, परिषदांमध्ये होते. चार लेकरे गेली. २७ मे १९३५ ला रमाई गेल्या. पुढे 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीला अर्पण केला. रमाईंच्या कष्टांवर आपण गाणी गातो, जयंतीला रडतो. पण आजच्या कार्यकर्त्याच्या बायकोने "महिनाभर घरी राहा" म्हटले की तीच गाणी गाणारे म्हणतात, "बायकोने बांधून ठेवला." नवी रमाई तयार करून तिच्यावर नवी गाणी रचायची, हा आपला कार्यक्रम आहे का? रमाईला खरे अभिवादन करायचे असेल तर दुसऱ्या बाईवर ती वेळ येणार नाही अशी व्यवस्था करावी लागेल.

शेवटचा आणि सगळ्यात जड आक्षेप असा : "अत्याचार सुट्टी घेत नाहीत." बरोबर आहे. म्हणूनच आम्ही उलट विचारतो, मग आपली यंत्रणा एका माणसाच्या पायांवर का उभी आहे?

आष्टीला लागूनच जामखेड तालुका आहे. त्यातले खर्डा गाव सगळ्यांना माहीत आहे. २८ एप्रिल २०१४ ला तिथे नितीन आगे या सतरा वर्षांच्या मुलाचा खून झाला. महाराष्ट्रभरातून गाड्या आल्या. नेते, मंत्री, सत्यशोधन समित्या, कॅमेरे, सगळे आले. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार एकामागून एक फितूर झाले. साक्षीदार फितूर का होतो? तो विकला जातो, हे सोपे उत्तर झाले. तो त्याच गावात राहतो. त्याच दुकानातून तेल-मीठ आणतो, त्याच्याच शेतात मजुरीला जातो ज्याच्याविरुद्ध बोलायचे आहे. आपल्या गाड्या दोन दिवसांत परत जातात आणि तो साडेतीन वर्षे एकटा असतो. २०१५ च्या दुरुस्तीने ॲट्रॉसिटी कायद्यात कलम १५अ आले, पीडितांचे आणि साक्षीदारांचे हक्क लिहिले गेले, २६ जानेवारी २०१६ पासून ते लागू झाले. पण कागदावरचे कलम साक्षीदाराच्या दारात जाऊन बसत नाही. तिथे माणूस बसावा लागतो, तोही आठवड्याला, वर्षानुवर्षे, गाजावाजा न करता.

म्हणजे फिरणे जितके गरजेचे, तितकेच ठाण मांडून राहणे गरजेचे. रस्त्यावरच्या कार्यकर्त्याला गती असते, मुक्काम नसतो. घरी आल्यापासून कड्याच्या आसपासच्या तीन-चार वस्त्यांत आम्ही पायी जातो. संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन असते. त्यानंतर ऊसतोडीहून आलेली माणसे उचलीचे कागद घेऊन बसतात, पोरे शिष्यवृत्तीचे फॉर्म घेऊन येतात, बायका रेशनकार्ड आणतात. नऊ वर्षे आम्ही जिल्हा फिरलो, आणि आमच्याच गल्लीतल्या एका कुटुंबाचा जातीचा दाखला चार वर्षांपासून अडलेला आहे हे आता कळले. यात कोणाचा दोष नाही. रस्त्यावरून गल्ली दिसत नाही, एवढाच याचा अर्थ. आणि दसऱ्यानंतर हीच माणसे पुन्हा ट्रकमध्ये बसतील. त्यांना भेटायचे तर पावसाळ्यातच, त्यांच्या दारातच भेटावे लागेल. या जिल्ह्यात वर्षावासाचा काळ आणि ऊसतोड कामगाराच्या मुक्कामाचा काळ एकच आहे. कार्यकर्त्याने थांबायला यापेक्षा चांगला काळ कोणता?

म्हणून आमचे काही म्हणणे सर्व संघटनांपुढे, गटतट बाजूला ठेवून, मांडतो.

एक : प्रत्येक पूर्णवेळ कार्यकर्त्याला वर्षातून किमान एक महिना मानधनासह रजा द्या, आणि ती आळीपाळीने द्या. पगारी रजेचा कायदा आणणाऱ्या माणसाचे नाव आपण लावतो, तर त्याची सुरुवात स्वतःच्या कार्यालयापासून झाली पाहिजे.

दोन : प्रत्येक केसची वही ठेवा. फिर्यादीचा पत्ता, तारखा, वकील, साक्षीदार, कोणी कधी भेट दिली, हे सगळे लिहिलेले असले पाहिजे. आज ही वही कार्यकर्त्याच्या डोक्यात आणि मोबाइलमध्ये असते. तो आजारी पडला की केसही आजारी पडते.

तीन : नोकरदार बांधवांनी जयंतीची वर्गणी देऊन सुटका करून घेऊ नये. तुमच्या पगारी रजेतले वर्षाला सात दिवस एखाद्या साक्षीदाराच्या गावाला द्या. दहा नोकरदारांचे सात दिवस म्हणजे एका कार्यकर्त्याचे दोन महिने.

चार : कार्यकर्त्याच्या घरच्या बाईला विचारल्याशिवाय त्याला पूर्णवेळ करू नका. तिचे शिक्षण, तिची नोकरी, तिचे आजारपण यांची सोय हा संघटनेच्या बजेटचा भाग असला पाहिजे. आणि महिला पूर्णवेळ असेल तर हेच प्रश्न दुप्पट गांभीर्याने विचारा. कारण ती रस्त्यावरून घरी परतते तेव्हा तिथे विश्रांती नसते, दुसरी पाळी असते.

पाच : आश्विन पौर्णिमेला पवारणा करा. वर्षभर काम केलेल्यांनी एकत्र बसून एकमेकांना विचारावे, आमचे काय चुकले ते सांगा. फेसबुकवर एकमेकांची लक्तरे काढण्यापेक्षा हे अवघड आहे. पण संघ त्यानेच टिकला.

हे वाचून काहींना वाटेल की हा माणूस मऊ पडला. त्यांनी एवढेच पाहावे की अन्यायाच्या विरोधात चाळीस वर्षे टिकणारी माणसे हवीत, की चार वर्षांत जळून जाणारी? मनुवादी व्यवस्थेला घाई नाही. तिच्याकडे जमीन आहे, पैसा आहे, पिढ्यान्पिढ्यांची विश्रांती आहे. आपला कार्यकर्ता पंचेचाळिशीत डायलिसिसवर गेला की तिला काही करावे लागत नाही. आपली चळवळ आपल्या माणसांना वापरते की सांभाळते, यावर पुढची लढाई ठरणार आहे.

आश्विन पौर्णिमेनंतर आम्ही पुन्हा एसटीत बसू. पण पुढच्या आषाढात परत येऊ, आणि त्याच्या पुढच्याही. पत्नीची परीक्षा असेल तेव्हा आणखी येऊ. या मधल्या काळात आमच्याकडच्या दोन केसेस तारखेवर आहेत, एक बीडला आणि एक नगरला. कोणाला जायचे असेल तर वही तयार आहे. चौथ्या गटातला पहिला फोन करा.

जयभीम! नमो बुद्धाय!